माझा आखूड पाय

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे आणि मी हलते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. माझा मागचा एक पाय बाकीच्या तिघांपेक्षा नखाएवढा आखूड आहे. माझ्यावर बसणारा माणूस आधी डुगडुगतो, मग वाकून खाली बघतो आणि मग कपाळाला आठ्या घालतो. जन्मभर मी हेच बघत आले. लाकडाला काही वाटत नाही असं लोक धरून चालतात, आणि बहुतेक दिवस ते खरंच असतं.

जालना जिल्हा झाला त्या वर्षीची मी. नवा जिल्हा म्हणून शहरात एका ट्रस्टनं नवा दवाखाना काढला आणि खुर्च्यांचं काम अंबडच्या मच्छिंद्र सुताराला दिलं. मच्छिंद्र म्हणाला, "कडूलिंबाचं लाकूड हाये, वाळवी लागायची न्हाई. पण अजून ओलं हाये, जरा वाळू द्या." पण ट्रस्टच्या लोकांची उद्घाटनाची तारीख ठरून बसली होती, त्यांना सगळं जल्दी पाहिजे होतं. अति घाई संकटात नेई, असं गाड्यांच्या मागे लिहिलेलं असतं म्हणे. ते मच्छिंद्रच्या दुकानातही लिहायला हवं होतं. हारतुरे झाले, भाषणं झाली, आणि पहिल्याच उन्हाळ्यात माझ्या पायाला पीळ पडला तो कायमचा.

सुरुवातीला मी हाडांच्या विभागात होते. तिथले पेशंट म्हणायचे, "आधी हिलाच प्लास्टर घाला." मग मला व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत टाकलं. दारावर 'मानसोपचार बाह्यरुग्ण विभाग' अशी पाटी होती, पण सगळे तिला डोक्याची खोली म्हणायचे. तिथे ना सुई, ना नळी. दोन खुर्च्या समोरासमोर आणि मधे टेबल. नुसतं बोलायचं. माझ्यावर बसून माणसं काय काय बोलली, ते मी कुणाला सांगितलं नाही. आज एकच गोष्ट सांगते, कारण तिच्यात माझाही पाय आहे.

त्या खोलीचे मोठे डॉक्टर म्हणजे बद्रीनाथ तौर. घनसावंगीकडचा माणूस, आवाज खर्जातला, बोलणं कमी. त्यांच्या हाताखाली शिकायला पुण्याहून डॉक्टर यशोधरा साळवे आल्या. मानसशास्त्रात पीएचडी झालेल्या, नावाआधी डॉक्टर लागलेलं, तरी दोन वर्षं अजून शिकायचं होतं. खोली झाडणाऱ्या नंदाबाईंना ते काही केल्या पटेना. "डाक्टर होऊन बी शिकूनच राह्यल्या? मंग आमच्या पोरानं दहावीत दोनदा बसलं तर काय बिघडलं?" असं त्या तोंडावर म्हणायच्या. यशोधराबाई हसायच्या. तेव्हा त्या हसत असत.

तौर सरांची एक रीत होती. आठवड्यातून एकदा शिकणाऱ्यानं आपले पेशंट सरांना समजावून सांगायचे, आणि ते सांगताना पेशंटच्या खुर्चीत बसायचं, म्हणजे माझ्यावर. पहिल्याच दिवशी यशोधराबाई डुगडुगल्या आणि म्हणाल्या, "सर, ही खुर्ची बदलून घेऊ या." सर म्हणाले, "बघू." दवाखान्यात बघू म्हणजे नाही. पुढच्या आठवड्यात त्या पुन्हा म्हणाल्या. त्याच्या पुढच्या आठवड्यातही म्हणाल्या. मग कधीतरी म्हणायच्या थांबल्या. मला वाटलं, सवय झाली असेल.

दिवसाला माणसांची रांग असायची. कुणाचा नवरा मारतो, कुणाला आवाज ऐकू येतात, कुणी विहिरीच्या काठावरून परत आणलेला. यशोधराबाई ऐकायच्या, लिहायच्या, पुढचा बोलवायच्या. संध्याकाळी भाड्याच्या खोलीवर एकट्याच जायच्या. त्यांचा आवाज हळूहळू सपाट होत गेला.

अशाच एका दिवशी टेंभुर्णीहून कौसल्या आली. बाळंत होऊन काही महिने झालेली पोर. सोबत सासू चतुराबाई, आणि सासूच्या कडेवर कौसल्याची तान्ही मुलगी. मुलगी दिसायलाच किरकोळ होती, मान अजून नीट धरत नव्हती. चतुराबाई दारातूनच सांगू लागल्या, "बाई, ही हसत न्हाई, रडत न्हाई. लेकरू रडून रडून निळं पडलं तरी नुसती बघत बसती. मी शेळीचं दूध पाजून राह्यले. माझा ल्योक सर्जेराव म्हणतो, डाक्टरनं रोग सांगितला तर दवा करू, न्हाई सांगितला तर ही नाटकं हायेत. हिला माहेरी घालून येतो, लेकरू इथंच राहील."

यशोधराबाईंनी सासूला बाहेर बसवलं. कौसल्या माझ्यावर बसली.

"काय होतंय तुम्हाला?"

"काही होत न्हाई."

"झोप लागते का?"

"लागती."

"जेवता का?"

"वाढलं तर जेवते."

"मग त्रास कशाचा आहे?"

"काही होत न्हाई, बाई."

तिनं हे ज्या आवाजात सांगितलं त्यात ना राग होता ना रडू. यशोधराबाईंनी तक्रार नाही असं लिहिलं. दारात जाऊन चतुराबाईंना म्हणाल्या, "घाबरू नका, आजार काही दिसत नाही. विश्रांती द्या." चतुराबाईंनी लेकरू दुसऱ्या कडेवर घेतलं. मग "बरं" म्हणाल्या आणि सुनेला घेऊन गेल्या.

मित्रांनो, मला तेव्हा एक गोष्ट खटकली होती. कौसल्या बसली तेव्हा मी हलले, नेहमीसारखी. तिनं खाली पाहिलं नाही. सावरून घेतलं नाही. मी जिकडे कलले तिकडे तीही कलली आणि तशीच बसून राहिली. तोपर्यंत माझ्यावर बसलेल्या वेड्यातल्या वेड्या माणसानंही मला शिव्या घातल्या होत्या. हिनं काहीच केलं नाही. पण मला तोंड कुठे होतं सांगायला.

त्याच आठवड्यात यशोधराबाई सरांसमोर बसल्या. एकेक पेशंट सांगत गेल्या, पाढे म्हणावेत तसे. सर ऐकत होते. मधेच त्यांनी विचारलं, "साळवे, तुम्हाला काय होतंय?"

"मला? काही होत नाही, सर."

"बरं," सर म्हणाले. पंखा फिरत होता. यशोधराबाई स्वतःच्या हातांकडे बघत बसल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "सर, मला खरंच काही होत नाही. परवा आईचा फोन आला होता, मावशी गेली म्हणून. मी बरं म्हटलं आणि वरणाला फोडणी दिली."

त्यांनी कागद चाळून कौसल्याचा कागद वर काढला.

"टेंभुर्णीची ती मुलगी हेच सांगत होती. काही होत न्हाई म्हणजे मी ठीक आहे, असं मी समजले. तिची तक्रारच ती होती. तिनं मला दोनदा सांगितली आणि मी तिला घरी पाठवलं."

"मंग आता?"

"तिला माहेरी सोडून आले असतील तर?"

त्या उठायला गेल्या, पुन्हा बसल्या, आणि मी टकटक वाजले. कितीतरी दिवसांनी त्यांनी खाली वाकून माझ्या पायाकडे पाहिलं. "ही खुर्ची अजून हलतेच," असं म्हणाल्या आणि रडल्या. सर म्हणाले, "रडा. मग बसस्टँडवर जा. आणि साळवे, पुढच्या आठवड्यापासून तुमचं बोलणं आधी, पेशंटचं नंतर."

पुढचं मी ऐकलेलं सांगते. यशोधराबाई टेंभुर्णीला पोचल्या तेव्हा कौसल्याची पेटी ओट्यावर बांधून ठेवलेली होती. सर्जेराव एमआयडीसीत लोखंडाच्या मिलमध्ये कामाला होता, पाळी संपवून दुपारी आल्यावर तिला घेऊन निघणार होता. तो येईपर्यंत यशोधराबाई ओट्यावर बसून राहिल्या. तो आल्यावर म्हणाल्या, "हा आजार आहे. मला ओळखता आला नाही. नाटक नाही." सर्जेराव पेटीजवळ बसला. मग पेटीची दोरी सोडत म्हणाला, "पहिल्यांदाच सांगायचं ना, बाई."

मग कौसल्या दर आठवड्याला येऊ लागली. तौर सर बोलून उपचार करणारे; गोळ्या लिहून देणारे डॉक्टर औरंगाबादहून यायचे, त्यांनी त्या चालू केल्या. यशोधराबाईंनी मात्र आपला प्रश्न बदलला. काय होतंय असं त्या आता विचारत नसत. त्या विचारत, "आधी काय होत होतं, जे आता होत नाही?"

कौसल्या भिंतीकडे बघत आठवत बसायची. एकदा म्हणाली, "भाकरीचा वास यायचा. आता निस्ता धूर येतो." दुसऱ्या वेळी म्हणाली, "लेकरू रडलं की इथं दाटून यायचं. आता ते लांब कुठंतरी रडतंय असं वाटतं." यशोधराबाई घाई करत नव्हत्या. आणि मी हलत होते, पण कौसल्याला ते कळत नव्हतं. सगळा हिवाळा असा गेला.

उन्हं तापायला लागली तेव्हाची गोष्ट. चतुराबाईंना पाणी प्यायला जायचं होतं, त्यांनी मुलगी सुनेच्या मांडीवर ठेवली आणि बाहेर गेल्या. आता मुलीनं बाळसं धरलं होतं. तिनं पाय झाडले, आणि मी डुगडुगले. कौसल्यानं पोरीला एकदम छातीशी धरलं.

"बाई, ही खुर्ची हलून राह्यली. लेकरू पडंन ना."

यशोधराबाईंनी पेन खाली ठेवलं. कौसल्या उठली. मुलगी एका काखेत, दुसऱ्या हातानं तिनं टेबलावरचा गोळ्यांचा रिकामा खोका घेतला, दातांनी धरून घडी घातली आणि खाली बसून माझ्या आखूड पायाखाली सारली. मला हलवून बघितलं. मग पुन्हा बसली आणि पदराखाली मुलीला घेतलं. दूध येणं केव्हाच बंद झालं होतं, पण पोर तशीच बिलगून झोपली. मला त्या दिवशी आनंद झाला, मित्रांनो. लाकडाला होतो.

यशोधराबाई शिकून पुण्याला गेल्या. तौर सर निवृत्त झाले. प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या, त्या हलत नाहीत, मोडतात. मी आता जिन्याखाली पडून आहे, अंगावर फिनेलचे डबे ठेवलेले. माझी आठवण कुणी काढत नाही, त्याचं मला फारसं काही वाटत नाही. तो खोका अजून माझ्या पायाला चिकटलेला आहे.

तुमच्या घरातलं कुणी खुर्ची हलते, भाजी खारट झाली, पंखा आवाज करतो अशी कुरकुर करत असेल, तर त्याच्यावर वैतागू नका. त्याला जाणवतंय, एवढं समजा. आणि कुणी "मला काही होत नाही" म्हणालं, तर बरं म्हणून उठून जाऊ नका. पुन्हा विचारा, आणि त्याच्याजवळ जरा बसा.