खोलीचा स्वतःचा आवाज

बाबा गेल्यापासून आई घरात झोपत नाही. वेवजीच्या आमच्या घरावर कौलं आहेत, भिंती जुन्या विटांच्या, आणि जमीन गेली काही वर्षं अधूनमधून हलते. धक्क्याआधी खालून आवाज येतो, भरलेला ट्रक पायाखालून जावा तसा. बाबांना तो सगळ्यांच्या आधी ऐकू यायचा. ते ओरडत नसत. खाटेच्या लाकडावर बोटांच्या पेरांनी दोनदा ठोकत, की आम्ही अंगणात.

आता ऐकणारं कोणी नाही, म्हणून आई भर थंडीत अंगणात ताडपत्रीखाली झोपते. खोकला छातीत उतरला आहे. डॉक्टर म्हणाले, आत झोपवा, नाहीतर न्यूमोनिया होईल. मी आईला म्हटलं, "मी ऐकेन. मी उशिरापर्यंत जागीच असते."

"तू काय ऐकणार, पोरी? तुझं ते यंत्र सारखं भुणभुणतं. त्याच्यापुढे माझी हाक तुला येत नाही, जमिनीची येणार?"

कंप्युटरवर पुस्तकांची पानं लावून देणं हे माझं काम. कंप्युटर बंद ठेवला तर चूलही बंद. म्हणून कॉलेजातल्या मैत्रिणीला, दक्षाला बोलावलं. तिचं मसोलीत कंप्युटरचं दुकान आहे.

"ऐकूच येणार नाही असा हवा?" ती म्हणाली. "प्रगती, माझी गिऱ्हाइकं रंगीत दिवे मागतात गं." तिने माझ्या फोनवर आवाज मोजायचं ॲप टाकलं आणि फोन टेबलावर ठेवला. "सेहेचाळीस डेसिबल! ही काय पिठाची गिरणी आहे?"

तिने दोनपैकी एक पंखा काढला. त्रेचाळीस.

"निम्मा का नाही झाला?"

"आवाजाचा हिशोब तसा नसतो. दोन सारख्यांतला एक गेला तर आकडा तीनने उतरतो, कानाला जेमतेम कळतं. निम्मा वाटायला दहा उतरावे लागतात. आणि आधी सगळ्यात मोठा आवाज काढायचा. तो आहे तोवर बाकीचे त्याच्यामागे लपून बसतात."

तसंच झालं. जोरात फिरणारे लहान पंखे जाऊन मोठे, सावकाश फिरणारे आले, तेव्हा हार्ड डिस्कची टिकटिक कळली. तीही बदलली, तेव्हा पॉवर सप्लायची बारीक शीळ. ती गेल्यावर भिंतीवरचं घड्याळ. प्रत्येक आवाजामागे आणखी एक उभा होता. मला वाटू लागलं, आता थांबावं. शेवटी कोण उभं असेल?

काम संपल्यावर आम्ही बाहेर येऊन खिडकीतून आकडा पाहिला. एकोणतीस. दक्षाने आत जाऊन कंप्युटर बंद केला आणि परत आली. तरी एकोणतीस.

"हा खोलीचा स्वतःचा आवाज," ती म्हणाली. "कंप्युटर याच्याही खाली गेला."

मी आत गेले. तीस. ती माझ्यामागून आली. एकतीस.

"माणूस आला की वाढतो. कपडे, श्वास." ती हसली. "आता घरात सगळ्यात मोठा आवाज तुझा! पण फोनवर फार विसंबू नकोस. इतक्या खाली तो अंदाजच सांगतो."

दिवेलागणीला आईला आत आणून बाबांच्या खाटेवर बसवलं.

"चालू आहे?"

"चालू आहे."

तिने कंप्युटरकडे संशयाने पाहिलं आणि हात शालीत घेतले. फोनवर एकतीस. तिच्या छातीतली घरघर मला पहिल्यांदाच इतकी स्पष्ट ऐकू येत होती.

ठक ठक.

खाटेच्या उशाकडून. आईचे दोन्ही हात शालीत होते. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. उठली, चपला घातल्या, बाहेर पडली. मी मागोमाग. अंगणात पोचलो आणि मग ट्रक आला. दारं खडखडली, कौलं एकमेकांवर घासली, एक सुटून आत पडलं. मग सगळं थांबलं.

मी खिडकीशी गेले. आई बसली होती त्याच जागी कौल फुटलं होतं. कंप्युटर चालू होता, फोन टेबलावर तसाच. आम्ही दोघीही बाहेर होतो.

तीस.

मी एकोणतीसची वाट पाहिली. आकडा उतरला नाही.

"अशी टक लावून बघू नकोस गं," आई मागून म्हणाली. "लाजतील ते."

आई आता आत झोपते. खोकला उतरतो आहे. मी कौल बदललं, भिंतीवरचं घड्याळ काढलं, फ्रिज पडवीत नेला. दक्षा फोन करून विचारते, कंप्युटर शांत आहे ना? आहे. त्याच्याबद्दल तक्रार नाही.

खोलीत माझाच आवाज उरला आहे, आणि मोठ्या आवाजामागे बाकीचे लपतात. म्हणून आई झोपली की मी खुर्ची ओढत नाही, उचलून ठेवते. बांगड्या काढल्या आहेत. श्वास हळू घेते.