थर्केल कोणत्या खात्याचा

हाँगकाँग चीनच्या हवाली व्हायला तीन वर्षं उरली होती, तेव्हाची ही गोष्ट. सचिवालयात इथले चिनी मोक चि-वाय आणि इंग्रज अ‍ॅलन थर्केल हे एकाच वर्षी लागलेले, एकाच दर्जाचे अधिकारी. मी त्यांच्याच खोलीत टायपिस्ट होते.

त्या दिवसांत लंडनमधल्या खात्यांत जुंपली होती. हस्तांतरानंतर इथल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या पेन्शनची हमी कोणी घ्यायची? एक खातं दुसऱ्याकडे बोट दाखवी, दुसरं तिसऱ्याकडे. ती फाईल मोकसाहेबांकडे होती. आलेलं प्रत्येक पत्र ते दोनदा वाचत आणि दिवसभर कोणाशी धड बोलत नसत.

जेवणाच्या सुट्टीत थर्केल कुरकुर करी, की आपण कोणालाच नकोसे झालोय. मोकसाहेब समोरचा बदकभात चिवडत राहत. एकदा तो उठून गेल्यावर मला म्हणाले, "याच्यासाठी तीन खाती भांडतायत आणि हा रडतोय. माझं नाव कोणी कुठे घेतलं का? मला खुर्चीसकट देऊन टाकलंय."

मग लंडनने हमी द्यायच्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या नावांची यादी मागवली. जुने कागद चाळताना निघालं, की थर्केल मुळात शाळेत शिकवायला आला होता आणि सरकारी नोकरीत लागला तो इथल्याच भरतीतून. नियम दोन्हीकडे ओढता येत होता. शिफारशीची एक ओळ पुरली असती. मोकसाहेबांनी ती लिहिली नाही, त्याला स्थानिकांत टाकलं, म्हणजे लंडनची हमी गेली. यादी मीच टाइप केली. थर्केलसाहेबांना एकदा विचारून घ्यायचं का, असं मी म्हटलं.

"नियमात बसतंय," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

महिन्याभराने थर्केलला कळलं. लंडनने घोळ घातला असंच त्याला वाटत होतं. मोकसाहेबांच्या टेबलाला टेकून तो म्हणाला, "आता मी तुझ्यासारखाच. तुला झोप कशी लागते रे?"

"सवय होते."

त्या संध्याकाळी मोकसाहेबांनी मला चहा पाजला. इतके खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

पण थर्केलने लंडनला अर्ज केला आणि खात्यांत नवा वाद पेटला, एकट्या त्याच्यावरून. आता पत्रांत त्याचं नाव येऊ लागलं. तो इथे कधी आला, कोणी नेमला, बायको कुठली, सगळं. अकरावं पत्र आलं तेव्हा मोकसाहेबांनी ते टेबलावर पालथं ठेवलं.

"एका माणसासाठी," एवढंच म्हणाले.

दुपारी त्यांनी शिफारस लिहून माझ्याकडे दिली. मन पाघळलं म्हणून नव्हे. ती पत्रं त्यांना बघवत नव्हती.

थर्केलचं काम झालं. निरोपाच्या दिवशी त्याने सगळ्यांदेखत मोकसाहेबांचा हात दोन्ही हातांत धरला. "माझ्यासाठी शेवटी तूच भांडलास," म्हणाला. मोकसाहेबांनी मान हलवली. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

नव्या सरकारात मोकसाहेबांना बढती मिळाली. दर नाताळाला थर्केलचं कार्ड येई. मोकसाहेब ते पाकीट न फोडताच माझ्या टेबलावर सरकवत आणि म्हणत, "तूच वाच."