चौदा घरांची खुर्ची

वस्तीत खुर्ची एकच, लोहाराच्या घरची. कुणाकडे पाहुणा येणार म्हटलं की ती कुणाच्या तरी डोक्यावर बसून त्या घरी जायची, सोबत लोहाराचेच दोन स्टीलचे पेले. सोयरीक जुळवायला आलेला असो की दुखवट्याला, पाहुणा मातीत बसला असं इथे कधी झालं नव्हतं. पोटात घास नसला तरी नाक वर, अशी या माणसांची तऱ्हा!

त्या सकाळी यादीवाला आला. घराघरात काय आहे ते तो लिहिणार आणि ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांना वर्षभर धान्य मिळणार, एवढं म्हातारीला ठाऊक होतं. स्वतःसाठी तिला काही नको होतं. पण सुनेचं दूध आटत चाललं होतं. नात दीड महिन्यांची, रडायचीसुद्धा जपून. मुलगा खाणीवर गेला तो तिकडचाच झाला.

यादीवाला शेजारून उठून दारात बोलत थांबला, तेवढ्यात खुर्ची मागच्या बाजूने इकडे आली. तिचा एक पाय तारेने बांधलेला. म्हातारीने वरून घरातली एकुलती धड चादर घातली.

"बसा दादा. उन्हातून आलात, पाणी घ्या."

"आजी, दोन वेळचं जेवण होतं ना?"

सुनेने मान वर केली, तोंड उघडलं. म्हातारीने डोळे वटारले. परक्या माणसापुढे का पोट उघडं करायचं?

"होतं की. कशाला कमी नाही बघा."

माणूस भला होता. पाणी प्यायला, चादरीवरून हात फिरवला, कागदावर खुणा केल्या. तो दाराबाहेर पडेपर्यंत खुर्ची पुढच्या घरी पोचलीसुद्धा.

महिन्याने शाळेच्या भिंतीवर यादी लागली. बाईंनी ती दोनदा वाचली. वस्तीतलं एकही नाव नव्हतं.

"चौदा घरं, चौदा खुर्च्या, अठ्ठावीस पेले," बाई म्हणाल्या. "यादीखाली असं लिहिलंय त्याने."

लोहाराला हसू फुटलं आणि लगेच त्याचं तोंड एवढंसं झालं.

म्हातारी घरी आली तोवर सुनेच्या कानावर सगळं आलं होतं.

"मी सांगणार होते आई, तेव्हा."

"माहितेय गं."

नात छातीला लागून ओढायची, सोडायची, पुन्हा ओढायची. तेव्हाच आपली जीभ झडली असती तर बरं झालं असतं, असं म्हातारीला वाटलं.

पुढच्या पंधरवड्यात नातीने ओढणंही सोडलं.

दुसऱ्या दिवशी सुनेच्या माहेरची माणसं दुखवट्याला यायची होती. उजाडताच लोहार खुर्ची घेऊन अंगणात आला. त्याला बोलवावं लागलं नाही, रीतच ती. म्हातारी दार अडवून उभी राहिली.

"परत ने ती," ती म्हणाली. "मातीतच बसू दे त्यांना."