चिमणीवाल्याच्या घरची खिडकी

दुकानात सगळे त्याला चिमणीवाला म्हणत आणि त्याला ते मनापासून आवडायचं. स्वयंपाकघराच्या सामानाचं ते मोठं दुकान. नळ, सिंक, शेगड्या विकणारे तिथे बरेच होते, पण शेगडीवर बसवायची चिमणी विकावी ती त्यानंच. गिऱ्हाईक आलं की तो चिमणी सुरू करायचा, कागदाचा एक कपटा जाळीखाली धरायचा, आणि कपटा पटकन जाळीला चिकटला की समोरच्याच्या तोंडाकडे बघायचा. मग त्याचं सांगणं सुरू व्हायचं. फार खाली लावू नका, आच जाळीला लागते. धुराची नळी पत्र्याचीच घ्या आणि तिला वळणं कमी द्या. जाळी गरम पाण्यात साबण घालून धुवा, साचलेलं तेल पेट घेतं. आणि शेवटी, आवाज जरा खाली आणून, "काकू, ही घरातली हवा बाहेर फेकते. मग तेवढी हवा बाहेरून आत यायला नको का? समोरची खिडकी थोडी उघडी ठेवायची, बरं का."

हे त्याला इतकं पाठ होतं की बोलताना त्याचं लक्ष दुसरीकडेच असायचं.

स्वतःच्या घरी त्यानं दुकानातली सगळ्यात दांडगी चिमणी बसवली होती. नळी सरळ, उंची बरोबर, जाळी दर रविवारी तो स्वतः घासायचा. बायको म्हणायची, "मिरच्या परतल्या तरी ठसका लागत नाही." सगळं कसं झकास होतं. फक्त खिडकीचं तेवढं अडलं. खिडकी उघडायची मागच्या बोळात आणि बोळात दगड कापायचा कारखाना. दिवसभर पांढरी धूळ उडायची आणि नव्या काळ्या कपाटांवर येऊन बसायची. कपाटं त्यानं मोठ्या हौसेनं करून घेतली होती. तो खिडकी लावायचा, आई उघडायची. तो पुन्हा लावायचा, आई पुन्हा उघडायची. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी त्यानं खिडकीच्या कडेनं फटी बुजवायच्या सिलिकॉनची पट्टी ओढली आणि विषय संपवला.

"अरे छोटू, कोंडल्यासारखं होतंय," आई म्हणाली. त्याचं टक्कल पडायला आलं होतं, तरी घरात तो छोटूच होता.

"दाराच्या फटीतून येते की हवा. तुला नवं काही सोसतच नाही बघ."

थंडी पडली तशी बाकीची दारंखिडक्याही लागल्या. बायको सकाळी त्याचा आणि मुलीचा डबा करायची तेव्हा चिमणी जोरात चालू असायची आणि त्याच वेळी, स्वयंपाकघराला लागून असलेल्या न्हाणीघरात, आईची आंघोळ चालायची. तिथे गॅसचा गीझर होता, जुना पण चांगला चालणारा. आई आंघोळ करून आली की डोकं धरून बसायची. कधी म्हणायची मळमळतंय, कधी पाय लटपटतात. "ती चिमणी घरघरायला लागली की माझं डोकं उठतं," असं तिनं दोनतीनदा सांगितलं.

त्याला याचा एक किस्साच सापडला. एखादी सासूबाई चिमणी घ्यायला कां कूं करू लागली की तो म्हणायचा, "आमच्या घरी तर आईचं चिमणीशी भांडण आहे. ही सुरू झाली की तिचं डोकं दुखतं, बंद केली की थांबतं. सवतच आणलीय म्हणा ना." गिऱ्हाइकं हसायची, शेजारच्या काउंटरवरचा नळवालाही हसायचा. किस्सा घरी सांगितला तेव्हा आईही हसली होती. थोडंसं.

आई पडली तेव्हा तो दाढी करत होता. न्हाणीघरातून बादली कलंडल्याचा आवाज आला. बायकोनं दोन हाका मारल्या, उत्तर नाही. नशीब की आईनं आतून कडी लावली नव्हती. चक्कर येते म्हणून अलीकडे ती दार नुसतं लोटून घ्यायची, हे बायकोला माहीत होतं, त्याला नव्हतं. दोघांनी तिला बाहेर ओढलं, बायकोनं तिच्या अंगावर चादर टाकली आणि धावत जाऊन घराचं दार सताड उघडलं. आईचे डोळे अर्धवट मिटलेले होते, आणि ओल्या केसांचं पाणी त्याच्या मांडीवर झिरपत होतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी प्राणवायू लावला आणि मग विचारलं, "गॅसचा गीझर आहे का? न्हाणीघरातच? घरात हवा खेळती आहे ना?"

"आहे," तो म्हणाला. सवयीनं म्हणाला.

"गीझरमधून निघणाऱ्या विषारी वायूचा परिणाम दिसतोय. त्याला वास नसतो, माणसाला कळतही नाही. आधी काही त्रास होता का? डोकेदुखी?"

बायकोनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली. मग बायकोनंच सांगितलं, "होता. बरेच दिवस."

आईचे कपडे आणायला तो घरी आला. कपडे पिशवीत भरले आणि स्वयंपाकघरात नुसताच उभा राहिला. मग, का कोण जाणे, त्यानं चिमणी पूर्ण जोरात सुरू केली, न्हाणीघरात गेला आणि गीझरचा वायू बाहेर सोडणाऱ्या धुरांड्याजवळ कागदाचा कपटा धरला. गीझर बंद होता. कपटा बाहेरच्या बाजूला ओढला जायला हवा होता. तो आत वळला, त्याच्या अंगावर. बाहेरची हवा धुरांड्यातून उलटी घरात येत होती, कारण तिला यायला दुसरी वाटच त्यानं ठेवली नव्हती. आणि गीझर पेटलेला असताना बाहेर जायचा तो सगळा वायू आईच्या अंगावर येत होता. गीझरचा विचार त्याच्या मनात कधी आला नव्हता, हे खरं. पण खिडकीचं तर तो रोज सांगत होता, परक्या बायकांना.

त्यानं चिमणी बंद केली. स्वयंपाकघरातल्या सुरीनं सिलिकॉन कापून काढलं आणि खिडकी सताड उघडली.

संध्याकाळी त्याची मोठी बहीण, ताई, दवाखान्यात आली. आई उशीला टेकून बसली होती, बोलत होती. ताईनं आधी तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि मग तिचा पारा चढला. खिडकी बंद होती एवढंच तिला फोनवर कळलं होतं. "खिडकी बंद कोणी केली होती?"

त्यानं तोंड उघडलं. पण आईच आधी बोलली.

"मीच म्हटलं त्याला. धूळ येते गं फार. मला खोकला होतो."

"तू? आई, तुझ्या हट्टापुढे हात टेकले बाई. म्हातारपणी जरा ऐकावं माणसानं." ताई बोलत राहिली आणि आई ऐकत राहिली, एखाद्या शाळकरी पोरीसारखी, चादरीचा कोपरा चाळवत. तो खिडकीशी उभा होता. आता सांगू, मग सांगू असं करता करता भेटीची वेळ संपली. घरी येताना बायको त्याच्या दोन पावलं पुढे चालत राहिली.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात गेला. घरी बसवेना म्हणून गेला. दुपारी एक जोडपं आलं, बरोबर म्हातारी आई. म्हातारी म्हणाली, कशाला हवीय ही घरघर. नळवाला तिकडून हसत म्हणाला, "अहो, यांना तुमच्या आईचा किस्सा सांगा ना. सवतीचा."

सगळी त्याच्याकडे बघू लागली. "तुमच्याकडे गीझर कुठे आहे?" त्यानं त्या म्हातारीला विचारलं. ती गोंधळली. पाणी पिऊन येतो म्हणून तो मागच्या दारानं बाहेर पडला आणि तसाच ताईकडे गेला.

ताई धुणं वाळत घालत होती. त्यानं उंबऱ्यातूनच सांगितलं. खिडकी मी बंद केली. आई नको म्हणत होती. डोकं दुखतंय असंही सांगत होती, मी हसत होतो. दुकानात गिऱ्हाइकांनाही हसवत होतो. काल तू तिला बोललीस तेव्हा मी गप्प बसलो.

ताई ओरडेल असं त्याला वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं हातातला पिळा पुन्हा बादलीत टाकला. "मी तिला काय काय बोलले काल," ती म्हणाली. मग बादली बाजूला सारून, "दवाखान्यातून तिला मी इकडे आणते. तू घरातलं नीट कर."

त्यानं केलं. गीझर काढून बाहेर मोकळ्या गॅलरीत बसवून घेतला, न्हाणीघराच्या भिंतीत झरोका पाडला, खिडकीला बारीक जाळी लावली. तिच्यातून धूळ यायची ती यायचीच. कपाटं आता तो रोज सकाळी पुसतो.

आई परत आली ती रागावूनच. "ताईला सांगायची काय गरज होती? मी सांभाळून घेतलं होतं ना?"

"म्हणूनच सांगितलं."

"आता तिच्या मनात कायमचं राहील ते."

"राहू दे."

आई मटाराच्या शेंगा घेऊन बसली. "गॅसबिस मला काय कळतंय," ती म्हणाली, "तुलाही नसेल कळलं. पण मी दुखतंय म्हणत होते. तू दुकानात त्याचा किस्सा केलास. मी हसले तेव्हा, पण मला नाही आवडलं ते."

तो खाली बसला आणि शेंगा सोलू लागला. आईनं परात थोडी त्याच्याकडे सरकवली, एवढंच.

ताई त्याच्याशी बोलते, नाही असं नाही. सणासमारंभाला येते, त्याच्या मुलीचे लाड करते. पण रोज सकाळी तिचा आईला फोन येतो. आंघोळ झाली का, बरं वाटतंय ना, खिडकी उघडी आहे ना. आई म्हणते, हो गं, सगळं आहे. तेव्हा तो दारात बसून बुटाच्या नाड्या बांधत असतो. फोन त्याला द्यायला ताई कधी सांगत नाही, आणि तोही मागत नाही.