फळीवरची लेक

फळीवरच्या कॅमेऱ्याचा दिवा मोहरीच्या दाण्याएवढा होता. एरवी हिरवा, लेक बघायला लागली की निळा. हिरव्याचा निळा होण्याआधी अगदी बारीक 'टिक्' असा आवाज व्हायचा. दुसऱ्या कुणाला तो ऐकू आला नसता, पण तिच्या आईला यायचा. उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून काढलेली बाई ती. निवृत्त होऊन किती वर्षं झाली, तरी सगळी इमारत तिला अजून ऑपरेटरच म्हणायची.

टिक्.

"आई, जेवलीस का?" फळीवरून आवाज आला.

"जेवले."

"ताट दिसलं नाही मला."

"स्वयंपाकघरात जेवले. तिथे तुझा डोळा पोचत नाही."

लेक हसली. मग तिचा आवाज कामाचा झाला. "शनिवारी येतेय मी. गाडी सांगून ठेवलीय. काय ठरलं तुझं?"

"बघू."

"बघू बघू करत वर्ष काढलंस, आई. एक तर कायमची माझ्याकडे चल. नाहीतर स्वयंपाकघरात आणि बाथरूमच्या दाराशी अजून दोन कॅमेरे बसवू दे. मला तिकडे रात्रीची झोप लागत नाही गं."

"बघू म्हटलं ना."

दिवा पुन्हा हिरवा झाला.

लेकीचं चुकत होतं असंही नाही. गेल्या वर्षी बाथरूममध्ये पाय घसरला आणि ऑपरेटर सकाळपासून दुपारपर्यंत ओल्या फरशीवर पडून राहिली. हाक मारून मारून घसा बसला. शेवटी समोरची शेजारीण रोजच्या वेळेला चहाला आली, दार उघडेना म्हणून आपल्याकडची किल्ली लावून आत आली. 'आणि त्या आल्या नसत्या तर?' एवढं एकच लेक विचारायची. पुढच्याच आठवड्यात फळीवर कॅमेरा आला.

ही समोरची म्हणजे टेलर. इमारतीतल्या निम्म्या बायकांचे कपडे तिच्या मशीनखालून गेलेले. दोघी एकमेकींना ऑपरेटर आणि टेलर अशीच हाक मारायच्या, एकाच ऑफिसात नोकरीला असल्यासारख्या.

पूर्वी दुपारी ऑपरेटरच्या खोलीत चार-पाच बायका जमायच्या. कुणी भाजी निवडायला घेऊन यायची, कुणी नुसतंच तोंड घेऊन. कॅमेरा आला त्या आठवड्यात फळीवरून अचानक, "काकू, कशा आहात?" असा प्रश्न आला आणि पहिल्या मजल्यावरच्या नर्सच्या हातातला कप खाली पडला. लेकीने आपुलकीनेच विचारलं होतं. पण, "भिंतीला कान असतात हे ऐकून होते, हिच्या भिंतीला जीभपण आहे," असं म्हणत तळमजल्यावरची उठली, ती पुन्हा आली नाही. एकेक करत सगळ्या गळाल्या. टेलर तेवढी येत राहिली.

आणि मग गेल्या महिन्यातली ती दुपार.

टेलरने आत येऊन दार लावलं, फळीकडे हनुवटी उडवली आणि हळूच विचारलं, "ती आहे का?"

ऑपरेटरने दिवा बघितला. हिरवा. एक्स्चेंजच्या बोर्डावर ज्या लाईनचा दिवा पेटला नाही, त्या लाईनवर कुणी नाही. इतकी वर्षं हाच हिशोब. इथे निळा पेटला नव्हता. ती ठामपणे म्हणाली, "बोल. लाईन मोकळी आहे."

टेलर बोलली. सुईचं नेढं आता दिसत नाही. कापडावर मारलेली खडूची रेघ मधेच नाहीशी होते. गेलेली नजर परत यायची नाही, आहे ती सांभाळा, असं डॉक्टर म्हणाले. "पोराला कळू द्यायचं नाही हं. मशीन उचलून नेईल. दिसेल तोवर शिवीन, मग माझी मीच सांगेन त्याला."

"माझ्याकडून काही बाहेर जायचं नाही," ऑपरेटर म्हणाली. ते खरंही होतं. कुणाचं जमतंय, कुणाचं मोडतंय, कोण दवाखान्यातून रडत घरी फोन करतंय, सगळं तिच्या हातून गेलं होतं. जोडून दिलं की कानावरची लाईन बंद करायची, आणि चुकून एखादा शब्द कानात राहिलाच तर तो तिथेच जिरवायचा. तिच्या तोंडून कधी एक अक्षर फुटलं नव्हतं.

पण हिरवा दिवा म्हणजे मोकळी लाईन नव्हे. हिरवा म्हणजे सगळं साठवलं जातंय. लेकीने सवडीने बघावं म्हणून. लेकीने ते बघितलं, तिला रडू आलं, आणि तिने टेलरच्या मुलाला मेसेज केला. दोघं एकाच जिन्यावर खेळून मोठी झालेली. मुलाचंही काळीज हललं. दुसऱ्या दिवशी मशीन टेम्पोत चढलं.

"मी बसवताना सांगितलं होतं ना, आई, हिरवा म्हणजे काय ते," लेक नंतर म्हणाली. सांगितलंही असेल.

तेव्हापासून टेलर आली नव्हती. जिन्यात भेटली तरी भिंतीला हात लावून बाजूने निघून जायची. खालच्या बायका तर ऑपरेटर दिसली की हवापाण्याचं बोलायला लागायच्या.

बेल वाजली.

दारात टेलर होती. चौकटीला अगदी चिकटून, एका बाजूला उभी.

"आत ये ना गं."

"नको. इथपर्यंत दिसत नाही ना त्याला?"

"नाही दिसत."

"नक्की? की ह्याचाही काही वेगळाच दिवा असतो?"

टेलरने मूठ पुढे केली. "ही तुझी किल्ली द्यायला आले."

"राहू दे की तुझ्याकडे."

"आंधळीकडे कशाला? चुकून भलत्याच्याच घरात शिरायची मी." तिने हसून बघितलं, पण ते हसू काही टिकलं नाही.

"टेलर, शपथेवर सांगते, मला वाटलं..."

"ठाऊक आहे मला. तुझ्यावर राग असता तर किल्ली पोराच्या हाती पाठवली असती." तिने चौकटीला खांदा टेकवला. "मशीन होतं तिथे आता खुर्ची ठेवलीय. बसले की पाय आपोआप हलायला लागतात, खाली पायडल नसलं तरी. सूनबाई म्हणते, आई, बरं वाटत नाहीये का? आता काय सांगू तिला?"

ऑपरेटरने तिचा दंड धरला. तो पूर्वीपेक्षा बारीक लागला.

"आणि उद्या आमच्याकडेही माणूस येतोय, कॅमेरा बसवायला. तुझ्या लेकीनेच पोराला कंपनी सांगितली. मी म्हटलं, अरे, मला तू दिसत नाहीस आणि तू मला दिवसभर बघणार, हा कुठला न्याय?"

"मग? नको म्हणालीस ना?"

"कुठलं गं. जीव लावतो पोरगा. तोंडावर नको कसं म्हणायचं? बघू म्हटलं."

आपलाच शब्द दुसऱ्याच्या तोंडून आला तेव्हा तो किती पोकळ वाजतो, ते ऑपरेटरने पहिल्यांदा ऐकलं.

टिक्.

"आई? दारात कोण आहे? किती वेळ उभी आहेस? बस आधी."

टेलरने किल्ली ऑपरेटरच्या तळव्यावर ठेवली, तिची बोटं मिटवली आणि ती वळली. हाताने भिंत चाचपत आपल्या दाराकडे निघाली.

"थांब," ऑपरेटर म्हणाली.

"काय झालं, आई?"

"तुला नाही म्हटलं. तुझी काकू आलीय."

"कुठे? मला दिसत नाहीयेत."

"दिसू नये म्हणूनच तिथे उभी आहे ती."

मग लेकीचा आवाज आला, जरा ओला. "मी त्यांची माफी मागितली, आई. वाईट व्हावं म्हणून नव्हतं केलं."

"माहितीये, बाळ."

"मग असं का बोलतेस? मला भीती वाटते गं. तू पुन्हा तशी पडलीस आणि मी इथे मीटिंगमध्ये बसलेले... सारखं तेच येतं डोळ्यापुढे. शनिवारी काय करायचं ते एकदाचं सांग ना."

'बघू' ऑपरेटरच्या जिभेवर येऊन थांबला. भीती तिलाही वाटत होती. ओल्या फरशीचा गारवा पाठ अजून विसरली नव्हती. बाहेर जिन्यात टेलरची चप्पल वाजत नव्हती, म्हणजे तीही थांबून ऐकत होती. ऑपरेटर फळीजवळ गेली. लेकीला चेहऱ्याखेरीज दुसरं काही दिसू नये इतकी जवळ. आणि जिन्यातही नीट ऐकू जावं अशा आवाजात म्हणाली,

"शनिवारी ये, जेवायलाच ये. गाडी मात्र माझ्यासाठी सांगू नकोस. मी माझं घर सोडून कुठे येत नाही, आणि हा तुझा डोळा मी आज खाली उतरवतेय. बोलावंसं वाटलं की फोन कर, मी उचलीन. पडले तर टेलर येईल. किल्ली तिच्याकडेच राहणार आहे."