कुशीवर बूट असलेली गाय

गॉबनेटला जाऊन सात महिने झाले होते, तेव्हा तिची गोष्टही गेल्याचं मला कळलं. ऑक्टोबरातला मंगळवार होता. मेंढ्यांना निळा रंग लावून मी घरात आलो, तर पोस्टमननं टेबलावर पाकीट ठेवलेलं. आत एक नवं पुस्तक आणि ह्येवॉनची चिठ्ठी.

ह्येवॉन कोरियाची. गोष्टी लिहायला शिकण्यासाठी ती इकडे आयर्लंडला आली होती आणि वर्षभर आमच्या माडीवरच्या खोलीत राहिली होती. तिच्या कॉलेजात जुन्या लोककथांवरून लिहायला शिकवतात. शिकवणारा डॉक्टर लॉर्कन टूही. दर गुरुवारी दुपारी तो आठ-दहा परदेशी पोरांना आमच्या स्वयंपाकघरात आणायचा. गॉबनेट, माझी बायको, पाव कापत कापत त्यांना गोष्ट सांगायची. टूही पोरांना पेनं खाली ठेवायला लावायचा. "नुसतं ऐका," म्हणायचा. त्याच्या स्वतःच्या खिशात मात्र रेकॉर्डर असायचा.

चिठ्ठीत लिहिलं होतं, "आजोबा, ही आजींची समुद्रातल्या गायीची गोष्ट ना? पण आजींचं नाव कुठेच नाही. मी दोनदा बघितलं."

मी चारदा बघितलं. प्रस्तावनेत टूहीनं लिहिलं होतं की ही गोष्ट त्यानं लहानपणी आपल्या आईकडच्या आजीच्या तोंडून ऐकली.

गोष्ट साधी आहे. उपाशी घरात समुद्रातून गाय येते, सगळ्यांना पोसते, आणि घरधनी तिला काठी मारतो त्या दिवशी परत पाण्यात जाते. अशा गोष्टी आमच्या किनाऱ्यावर बऱ्याच घरांत आहेत. पण ही गॉबनेटच्या आईकडून, आजीकडून आलेली. परक्यांना सांगताना गॉबनेट गोष्टीत पदरचं काहीतरी घालायची. मी एकदा विचारलं, "अगं, हे कशाला?"

"तू मेंढ्यांना निळा रंग फासतोस ना? डोंगरावर सोडायच्या तर खूण नको?"

तिची खूण म्हणजे आमची गाय बेसी. कुशीवर बुटासारखा पांढरा डाग. आणि धार काढताना मी तीनदा खोकलो की मगच ती पान्हा सोडायची. छाती माझी तेव्हापासूनच खराब, त्यामुळे बेसीला सवय लागली होती.

टूहीच्या पुस्तकात बूट होता. तीन खोकलेही होते. प्रस्तावनेची चार पानं त्यावरच. बूट म्हणजे कुणी एका पायाचा प्राचीन देव, आणि तीन खोकले म्हणजे मेलेल्यांनी जिवंतांना घातलेली साद.

त्या दिवशी मी जेवलो नाही. पत्र लिहून जाब विचारता आला असता. पण तो गोड उत्तर देणार, माफी मागणार, आणि ते त्याला नि मलाच ठाऊक राहणार. मला तो चारचौघांत हवा होता.

पुढच्या महिन्यात, शनिवारी दुपारी, गावच्या हॉलमध्ये त्यानं पुस्तकाचं वाचन ठेवलं. गॉबनेटला पुरलं त्या दिवशीचा कोट मी घातला. भिंतीवरची एक तसबीर काढून पिशवीत टाकली.

हॉल भरला होता. कॉलेजची नवी परदेशी पोरं, गावातली सगळी म्हातारी माणसं, चहा, केक. पुढच्या रांगेत टूहीची आई, मुद्दाम लिमरिक शहरातून आणलेली. टूहीनं वाचलं चांगलं, ते मी नाकारत नाही. गॉबनेट जिथे श्वास घ्यायची तिथेच त्यानंही घेतला.

वाचन संपलं, प्रश्न सुरू झाले. मी हात वर केला.

"डॉक्टर, ती बुटाची गाय. किती जुनी असेल?"

"बॅटी! तुम्ही आलात, बरं वाटलं. हजार वर्षं तरी धरा."

"आणि खोकला?"

"तो त्याहून जुना."

"आणि हे सगळं तुमच्या आजीनं सांगितलं."

"तिच्या मांडीवर बसून ऐकलंय."

मी तसबीर काढून वर धरली. शेतकी प्रदर्शन, ऑगस्ट १९९१, दुसरा नंबर. गॉबनेटनं दोरी धरलेली, आणि गायीच्या कुशीवर टाचेसकट बूट.

"मग ही हजार वर्षांची म्हातारी माझ्या गोठ्यात काय करत होती?"

शेजारचा टेडी केलहर चष्मा पुसत जवळ आला. "अरे, ही तर बेसी! माझा अख्खा कोबी खाल्ला होता हिनं. देव कसला, चोरटी होती मेली!"

लोक हसले. टूहीसुद्धा हसला. म्हणाला, "हे बघा, लोककथेत असे योगायोग..."

"लॉर्कन," त्याची आई मध्येच बोलली. तिला कमी ऐकू येतं, त्यामुळे ती मोठ्यानं बोलते. "माझ्या आईनं गाय कधी पाहिली रे? आम्ही बेकरीच्या वर दोन खोल्यांत राहायचो. दूध बाटलीतनं यायचं."

मग टेडी खोकला. एकदा, दोनदा, तीनदा. मागच्या बाकावरून दुसरा कुणी खोकला. मग सगळी म्हातारी माणसं. परदेशी पोरांना कळायला जरा वेळ लागला, मग तीही खोकायला लागली. टूहीनं कागद गोळा केले. त्याची आई काठी चाचपत एकटीच दाराकडे गेली. तिच्यासाठी मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. आजही वाटत नाही.

बाहेर त्यानं मला गाडीपाशी गाठलं. "बॅटी, पुढच्या छपाईत पहिल्याच पानावर त्यांचं नाव घालतो. फक्त बेसी नसलेली, मूळची गोष्ट मला एकदा सांगा. नाहीतर ती तुमच्याबरोबर जाईल."

"जाऊ दे," मी म्हणालो. "तुझ्या हाती लागण्यापेक्षा बरं."

पुस्तक दुकानांतून काढून घेतलं गेलं. टूही आता शिकवत नाही. दुकानात कुणाला सर्दी झालेली दिसली तरी गाव अजून हसतं, आणि मीही हसतो.

जानेवारीत ह्येवॉनचं पत्र आलं. "आजोबा, खरी गाय कशी होती, सांगाल का? मी लिहिणार नाही. नुसतं ऐकेन." चांगली पोर आहे. शेवटच्या हिवाळ्यात गॉबनेटच्या हाताला हात लावून भांडी पुसायची. मी कागद काढला, पेनात शाई आहे ना ते बघितलं. मग पत्रातलं शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. नुसतं ऐका, असं टूहीही म्हणायचा.

ह्येवॉनचं पत्र कपाटात बशीखाली तसंच आहे. गॉबनेटची खरी गोष्ट आता फक्त मला येते, आणि मी ती अजून कोणालाही सांगितलेली नाही.