माझ्या अंगातलं मीठ

मित्रांनो, मी एक जुनी बरणी आहे. मातीची, करड्या रंगाची, पोटावर दोन निळी पानं रंगवलेली. झिंडेलफिंगेन या जर्मन गावातल्या एका इमारतीच्या तळघरात राहते. तळघराला इथे सगळे केलर म्हणतात. जे टाकवत नाही आणि वापरवतही नाही, ते सगळं केलरमध्ये उतरतं. तसंच मलाही उतरवलं.

माझा जन्म इथल्याच एका खेड्यातल्या कुंभाराकडचा. माझ्या पहिल्या मालकिणीने माझ्यात वर्षानुवर्षं कोबी आंबवला. कोबी आणि मीठ. ती म्हातारी गेल्यावर मला जुन्या बाजारात मांडलं. तिथून गौरांगने मला घरी आणलं. तो मोटारींच्या कारखान्यात इंजिनीअर आहे. त्याची आई, कुसुमआजी, दर उन्हाळ्यात सांगलीहून येते. मला बघताच ती म्हणाली, "हिच्यात लिंबाचं लोणचं छान मुरेल." आणि मुरलंच. लिंबं आणि मीठ. ओळखीची मंडळी वाट्या घेऊन यायची, आणि मी कौतुकाने फुगून जायची. पण मिठाने हळूहळू माझी आतली झिलई खाल्ली, मग घर बदलताना मला बारीक तडा गेला, आणि आजी लोणचं काचेच्या बरणीत घालू लागली. त्या काचेच्या बरणीबद्दल मी काही बोलणार नाही.

या उन्हाळ्यात गौरांगची मुलगी अवनी मला शोधत आली. तिच्या हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली गांडुळं होती. शेजारच्या म्हाताऱ्या हेर फिस्टररांनी, हेर म्हणजे इथलं श्रीयुत, ती पावसानंतर गवतातून वेचली होती. म्हाताऱ्याने तिला बजावलं होतं, "शनिवारी तळ्यावर ही जिवंत घेऊन ये. ज्याला गांडूळ सांभाळता येत नाही, त्याच्या हातात मी गळाची काठी देत नाही." अवनीला ती काठी हवी होती. गेलं वर्षभर ती म्हाताऱ्याच्या शेजारी बसून नुसतं बघत आली होती.

तिने सगळं शिकवल्याप्रमाणे केलं. केलर थंड होतं, अंधारं होतं. माती, शेवाळ, वर्तमानपत्राचे ओले कपटे, वर धुतलेली चहापत्ती, आणि हवेसाठी तोंडावर फडकं. किती दिवसांनी माझ्यात काहीतरी जिवंत हललं. मला इतकं बरं वाटलं की मी माझ्या पोटात काय मुरलंय ते विसरूनच गेले.

ओल तड्यापर्यंत पोचली तेव्हा मला आठवलं. मीठ जागं झालं होतं. ते माझ्या अंगातून मातीत उतरू लागलं, आणि गांडुळं माझ्यापासून दूर सरकून मधोमध गोळा झाली. मिठाने त्यांची कातडी भाजते. खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात, मी तर ते सोडलंच नव्हतं. मी आतल्या आत ओरडत होते, पण बरणीचं ओरडणं कोण ऐकणार?

दुसऱ्या दिवशी गांडुळं फडक्याला डोकी लावून बाहेर पडायची वाट शोधत होती. अवनीला वाटलं, त्यांना कोरडं पडलंय. तिने आणखी पाणी शिंपडलं. अगं नको, पाणी नको, मी म्हणत होते. तिने पुन्हा शिंपडलं.

शुक्रवारी एक गांडूळ निपचित सापडलं. एक मेलं की बाकीची नासतात, हे तिला ठाऊक होतं. तिने ते उचलून टाकलं आणि बाबांना हाक मारली.

"बाबा, ती मरतायत. मी सगळं रिश्टिश केलं होतं, अगदी बरोबर," ती म्हणाली.

"आल्झो, बरं, अवनी, राहू दे आता," गौरांग म्हणाला. "मी फिस्टररांना फोन करून सांगतो, नाही जमलं म्हणून."

"नाइन, नाही. बिटे, प्लीज बाबा, नको."

तिचा आवाज ऐकून आजी जिना उतरून आली. तिला मुळात हा प्रकार पसंत नव्हता. "जपायचं आणि मग गळाला लावायचं, हे कसलं जपणं?" असं ती आल्यापासून म्हणत होती.

"आपल्याकडे आहेत तोपर्यंत त्यांना त्रास नको, असं हेर फिस्टरर म्हणतात," अवनी रडतच म्हणाली. "आणि बघ ना, बाहेरून पण शिमेल आलंय. बुरशी."

आजी वाकली. माझ्या तड्याच्या कडेने पांढरा थर फुटला होता. तिने त्यावर बोट फिरवलं, चिमटीत चुरडलं, आणि तिचा चेहराच उतरला.

"बुरशी नाही गं. मीठ आहे हे. माझ्या लोणच्याचं." मग ती गौरांगकडे वळली. "फोन ठेव तो खाली. ते लाकडी खोकं आण, आणि बागेतली माती."

मित्रांनो, ज्या बाईने आयुष्यात गांडुळाला बोट लावलं नव्हतं, तिने पदर खोचून माझ्यात हात घातला. एकेक गांडूळ उचलून तिने गार पाण्यातून काढलं आणि नव्या मातीवर ठेवलं. गांडुळं तशीच पडून राहिली. अवनी खोक्याशी गुडघे टेकून बसली होती. मी रिकामी, उघडी, कोपऱ्यातून बघत होते. मग एकाने डोकं मातीत खुपसलं. त्याच्या मागून दुसरं गेलं. काही गेलीच नाहीत.

पण जी गेली, ती शनिवारी तळ्यावर जिवंत पोचली. अवनीने म्हाताऱ्याला सगळं खरं सांगितलं. त्याने खोक्यातली माती बोटांनी उकरून पाहिली आणि काठी तिच्या हातात दिली. मासा एकही मिळाला नाही.

ती काठी आता माझ्यात उभी असते. तळ्याचं पाणी ओघळून माझ्या बुडाशी साचतं, आणि तड्यावर पुन्हा पांढरं फुटतं. मला फेकू नका, एवढंच मागणं नाही माझं. जुनी भांडी जरूर वापरा. पण कुणाचा जीव आमच्यात ठेवण्याआधी, आमच्यात पूर्वी काय भरलं होतं ते आठवून पाहा. आम्हाला सांगता येत नाही. आम्ही नुसत्या पांढऱ्या पडतो, तेवढं बघत जा.